सेल्फ फिरतो, पण सायलेन्सरमधून धूर नाही

पत्र असं आहे:

काका, सप्रेम नमस्कार. आमचा ट्रक सव्वीस वर्षांचा आहे. सहा सिलिंडर, २४ व्होल्ट, जुन्या पद्धतीचा इनलाइन डिझेल पंप, कॉम्प्युटर कुठेच नाही. वडील चालवायचे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ट्रक चार महिने जागेवर उभा राहिला. आता सुरूच होत नाही. दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. सायलेन्सरमधून धूरही येत नाही. एअर फिल्टरपाशी स्टार्टिंग स्प्रे मारला की दोन-तीन सेकंद धडधडतं आणि बंद पडतं. डिझेलचा फिल्टर बदलला. टाकी अर्धी भरलेली आहे. जमिनीवर डिझेलचा एक थेंब नाही, म्हणजे गळती नाही. दोघा जणांनी सांगितलं की पंप गेला, उतरवून पाठवा आणि नोझलही बदला. वडील म्हणतात की उभा करण्याआधी पंधरा-एक दिवस तो सकाळी सुरू व्हायला वेळ घ्यायचा, पण एकदा चालू झाला की दिवसभर तक्रार नसायची. पंप उतरवू का? की दुसऱ्या गाडीने ओढून बघू?

पंप उतरवू नका. ओढूनही बघू नका. आणि तो स्प्रेचा डबा आजच गाडीपासून लांब ठेवा, कारण पुढे सांगतो.

तुमच्या दुखण्याचं उत्तर तुमच्याच पत्रात बरंचसं आलेलं आहे. सेल्फ जोरात फिरतो. धूर नाही. स्प्रेवर धडधडतं. आणि वडिलांनी सांगितलेली सकाळची गोष्ट. ती तुम्ही शेवटी लिहिलीत, पण माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये नीट चाललं तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही. पिस्टन हवा दाबतो, दाबल्यामुळे हवा तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो. तुमच्यासारख्या इंजिनात हवा सोळा-सतरा पट दाबली जाते आणि ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, हवा आत येऊन नीट दाबली गेली पाहिजे, आणि वेळेवर डिझेल पडलं पाहिजे. जुन्या गाडीत जे काही शोधायचं ते या तिन्हींतच सापडतं.

तुमचं इंजिन जोरात फिरतंय. स्प्रेवर धडधडतंय, म्हणजे हवा येते आहे आणि सिलिंडरमध्ये थोडाफार तरी दम आहे. राहिलं डिझेल. धूर नाही याचा अर्थही तोच. सिलिंडरमध्ये डिझेल पोचलं आणि पेटलं नाही, तर ते वाफ होऊन पांढरा धूर म्हणून सायलेन्सरमधून बाहेर येतं. डोळ्यांना झोंबतं, कच्च्या डिझेलचा वास येतो. तुमच्याकडे तेही नाही. डिझेल नोझलपर्यंत पोचतच नाहीये. जे पोचत नाही ते टाकीपासून नोझलपर्यंत कुठे अडलंय ते आधी शोधायचं, पंपावर बोट ठेवायचं ते त्यानंतर.

धुराची परीक्षा एकदा शिस्तीत करा. एक माणूस केबिनमध्ये, एक मागे सायलेन्सरपाशी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. दहा-बारा सेकंद सेल्फ मारा, मग किमान दोन मिनिटं थांबा. सेल्फ सलग मारत राहिलात तर त्याची वायंडिंग तापून जळते, आणि मग एका दुखण्याची दोन होतात. इतर वाचकांसाठी सांगतो: दाट पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये, तिथे शोध वेगळ्या वाटेने जातो. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा पण गोडसर वासाचा आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. तशा गाडीला पुन्हा सेल्फ मारू नका.

आता गाडीकडे जाऊ. सगळ्यात आधी पंपावरचा स्टॉप लिव्हर बघा. इंजिन बंद करायला केबिनमधून जी केबल ओढता तिचं दुसरं टोक तिथे असतं. चार महिन्यांत केबल आतून गंजते. ओढणी आत ढकलली तरी लिव्हर बंदच्या जागीच अडकून राहतो. पंपापाशी उभे राहून दुसऱ्या कोणाला ओढणी पुढे-मागे करायला सांगा आणि लिव्हर शेवटपर्यंत जाऊन परत येतो का ते डोळ्यांनी पाहा. शंका वाटली तर केबल सोडवा आणि लिव्हर हाताने चालूच्या जागी न्या. काही गाड्यांत केबलऐवजी सोलेनॉइड असतो. तिथे किल्ली फिरवल्यावर टक् असा आवाज यायला हवा. आवाज नाही आला तर त्याच्या वायरवर करंट येतो का ते टेस्ट लॅम्पने पाहा. अनेकदा फ्यूज किंवा हिरवट पडलेलं कनेक्शन एवढंच निघतं.

त्याच फेरीत एक्झॉस्ट ब्रेकही बघून घ्या. सायलेन्सरच्या पाइपात एक फुलपाखरू झडप असते. ती उभ्या गाडीत बंद अवस्थेत गंजून बसली तर इंजिनाला धूर बाहेर टाकता येत नाही, मग ते सुरू होत नाही किंवा होऊन लगेच गुदमरतं. तुमच्या गाडीत मला तिचा संशय नाही, पण बघायला मिनिटभर लागतं. एअर फिल्टर उघडून आत उंदराने घर केलंय का तेही पाहा. चार महिने उभ्या गाडीत ते नवल नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिलंत की जमिनीवर थेंब नाही, म्हणजे गळती नाही. इथेच बहुतेकांची वाट चुकते. फीड पंप म्हणजे टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमार्गे मोठ्या पंपाकडे पाठवणारा छोटा पंप. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. नळीत आत खेच असते. तिला चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. फीड पंपाच्या पुढे फिल्टरकडे जाणाऱ्या भागात डिझेल दाबाखाली असतं, तिथे गळलं तर ओलं दिसतं. पण मागच्या भागातली चूक डोळ्याला दिसत नाही.

वडिलांचं निरीक्षण इथे नेमकं बसतं. रात्री गाडी उभी राहिली की त्या बारीक चिरेतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल सावकाश टाकीत उतरून जातं. सकाळी सेल्फ मारला की आधी हवा ओढली जाते, डिझेल वर यायला वेळ लागतो. एकदा आलं की दिवसभर खंड पडत नाही, कारण इंजिन चालू असताना फीड पंपाची खेच त्या चिरेला पुरून उरते. पंधरा दिवस गाडी हेच सांगत होती. मग चार महिने उभी राहिली तेव्हा सगळी लाइन रिकामी झाली, बहुधा पंपाची गॅलरी, म्हणजे त्याच्या आतली डिझेलची पोकळीसुद्धा. त्यावर तुम्ही फिल्टर बदललात. चांगलं केलंत, पण नवा फिल्टर कोरडा बसवला असेल तर आणखी भरपूर हवा आत गेली. इनलाइन पंपात हवा भरली की प्लंजर, म्हणजे आतला दट्ट्या, हवाच दाबत राहतो. हवा दबते, पण नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. अशा नोझलला उघडायला साधारण २०० बार लागतात.

माझ्या उमेदीच्या काळात मी एका ट्रकवर दोन दिवस घालवले होते. पंप उतरवला, बेंचवर तपासून आणला, पुन्हा चढवला, तरी तेच. शेवटी दोष निघाला तो टाकीजवळच्या रबरी नळीत. क्लिपच्या खाली, वरून न दिसणाऱ्या बाजूला केसाएवढी चीर. मालकाचे दोन दिवस बुडाले होते, आणि ते मी टाळू शकलो असतो. तेव्हापासून डबा लावून बघितल्याशिवाय मी कुठल्याही पंपाला पाना लावत नाही. ती डब्याची परीक्षा तुम्हीही करा.

एक स्वच्छ पाच लिटरचा कॅन घ्या, त्यात ताजं, गाळलेलं डिझेल भरा. फीड पंपाला टाकीकडून येणारी नळी सोडवा आणि तिच्या जागी एक नवी, स्वच्छ, डिझेलला टिकणारी नळी लावून तिचं दुसरं टोक कॅनच्या तळाशी सोडा. कॅन फीड पंपापेक्षा उंचीवर, पण सायलेन्सर आणि बॅटरीपासून दूर, नीट बांधून ठेवा. आता टाकी, टाकीतला पाइप, मधली नळी, तिचे सगळे जोड, हे सारं एका फटक्यात वगळलं गेलं. हवा काढून इंजिन सुरू झालं तर दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यातच आहे. परतीची नळी टाकीतच जात असेल तर कॅन बघता बघता रिकामा होतो, तेव्हा लक्ष ठेवा, नाहीतर पुन्हा हवा.

हवा काढायची ती क्रमाने, टाकीकडून नोझलकडे. फीड पंपावरचा हातपंप फिरवून सोडवा. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, दोन आटे सैल करा, खाली फडकं धरा आणि हातपंप मारत राहा. आधी नुसती हवा, मग फेस, मग बुडबुडे असलेलं डिझेल येईल. एकसंध डिझेल आलं की हातपंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग पंपाच्या गॅलरीवरचा स्क्रू, तसंच. काही इंजिनांत हातपंपाऐवजी फीड पंपाला लिव्हर असतो. तो दाबला आणि पोकळ लागला तर फीड पंप बिघडला असं समजू नका. फीड पंप हलवणाऱ्या कॅमची उंच बाजू त्याच्याखाली आलेली असते, म्हणून त्याला हलायला जागा उरत नाही. इंजिन जरासं फिरवा, लिव्हर चालू लागेल. काम झाल्यावर हातपंपाची टोपी खाली दाबून पक्की आवळायला विसरू नका. ती सैल राहिली तर तिथूनच हवा शिरते आणि केलेली मेहनत वाया जाते.

हातपंप मारताना हाताला काय लागतं तेही बघा. कितीही मारला तरी भरल्यासारखा वाटत नाही, म्हणजे मागून हवा येतेय किंवा फीड पंपाच्या झडपेखाली कचरा बसलाय. उलट ओढताना दांडा परत खेचला जातो, जड लागतो, म्हणजे मागे काहीतरी तुंबलंय: जाळी, चिमटलेली नळी किंवा टाकीचा श्वास. टाकीच्या झाकणात हवा आत जायला बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत खेच तयार होते आणि डिझेल यायचं थांबतं. झाकण उघडताना सुस्स असा आवाज आला की समजावं.

शेवटचा टप्पा नोझलचा. सहापैकी दोन किंवा तीन पाइपांचे नट नोझलच्या बाजूने अर्धा ते एक आटा सैल करा, वर जाड फडकं ठेवा, स्टॉप लिव्हर चालूच्या जागी आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. नटाच्या कडेने डिझेल ठोक्याठोक्याने बाहेर यायला लागलं की नट आवळा. चेहरा आणि हात लांब ठेवा. आवळलेल्या जोडातून येणारी केसासारखी धार हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहा. उच्च दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. बाहेरून सुईच्या टोचणीएवढी जखम दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आतलं मांस सडू लागतं आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालंच तर लगेच हॉस्पिटलमध्ये जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाखालचं डिझेल आत गेलंय. आणखी एक: हे नट सैल करणं फक्त तुमच्यासारख्या जुन्या पंपाच्या गाडीत चालतं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या कॉमन रेल इंजिनात हजार बारच्या वरचा दाब असतो, तिथे या नटांना हात लावायचा नाही.

या सगळ्यानंतर इंजिन सुरू होण्याची मला खूप आशा आहे. पण नाही झालं तर? गॅलरीच्या स्क्रूवर स्वच्छ, बुडबुडे नसलेलं डिझेल जोराने येतंय, स्टॉप लिव्हर चालूवर आहे, आणि तरीही नोझलच्या नटांवर काहीच येत नाही, तर आणि तरच पंपाकडे बघायचं. उभ्या गाडीत पंपाचा रॅक, म्हणजे किती डिझेल द्यायचं ते ठरवणारी आतली सरकती दांडी, जुन्या डिझेलच्या चिकट थराने जाम होते. लिव्हर हलतो, दांडी हलत नाही. पंपाच्या बाजूचं झाकण काढून ती दिसते, आणि बऱ्याचदा पंप जागेवर असतानाच मोकळी करता येते. पण ते पंपाच्या जाणकारालाच करू द्या. दांडी पूर्ण डिझेलच्या जागी अडकून राहिली आणि इंजिन सुरू झालं, तर ते बेफाम धावतं.

पंप उघड्यावर उघडू नका असं मी आग्रहाने सांगतो, त्याचं कारण आहे. बॉश यांच्या कारखान्यात १९२७ मध्ये अशा पंपांचं उत्पादन सुरू झालं, आणि तेव्हापासून त्याचा जीव एकाच गोष्टीत आहे: प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचीच फट असते. माणसाचा केस त्याच्या वीसपट जाड. धुळीचा एक कण पुरतो. शिवाय उतरवलेला पंप परत बसवताना टायमिंगची खूण जुळवावी लागते. म्हणजे चांगला पंप उतरवून तुम्ही नसलेला दोष निर्माण करता.

कॅनवर गाडी चालू झाली तर खरं काम पुढे आहे. टाकीपासूनच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, तपासत बसू नका. सव्वीस वर्षांचं रबर वाकवून पाहिलं की वर बारीक जाळं दिसतंच. बँजो बोल्टांचे, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या पोकळ बोल्टांचे, तांब्याचे वॉशर नवे टाका. नवे मिळत नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून गार करा. वापरलेलं तांबं दाबून कडक होतं, तापवल्यावर पुन्हा मऊ पडतं आणि नीट बसतं. टाकीतला ओढपाइप वरच्या बाजूला गंजून भोक पडलेला असू शकतो. अशा वेळी टाकी भरलेली असली तर गाडी चालते आणि पातळी भोकाच्या खाली गेली की हवा ओढते. तुमची टाकी अर्धी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

टाकीच्या तळाचा प्लग उघडून आधी लिटर-दोन लिटर काचेच्या बरणीत घ्या आणि तासभर ठेवा. डिझेलपेक्षा पाणी जड, ते खाली वेगळं दिसतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतल्या दमटपणाचे आतल्या गार पत्र्यावर थेंब होऊन पाणी साचत जातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांचा काळपट बुळबुळीत थर फिल्टर बुजवतो. असा थर दिसला तर टाकी उतरवून धुवा, नाहीतर नवा फिल्टर आठवड्यात तुंबेल. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेणही गोठून फिल्टर अडवतं. त्यावर टाकीखाली जाळ करायचा नाही, गाडी उबेला घ्यायची किंवा फिल्टरवर गरम पाण्याचं फडकं ठेवायचं.

ज्यांचा सेल्फ कण्हत फिरतो त्यांच्यासाठी थोडं. इंजिन हळू फिरलं तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांवरून निसटते, तिची ऊब थंड भिंतींत जाते आणि डिझेल पेटत नाही. बॅटरी नवी आहे एवढ्यावर विसंबू नका, मीटर लावा. गाडी उभी असताना प्रत्येक बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, सेल्फ मारताना ९.५ च्या खाली जाता कामा नये. २४ व्होल्टच्या गाडीत दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एका बॅटरीवरून टेप किंवा पंखा चालवला असेल तर तीच आधी मरते आणि दोघींना बसवते. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनाच्या धातूवर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची केबल खराब आहे. बॅटऱ्या बदलून थकलेल्या किती गाड्या एका घासलेल्या अर्थ केबलने जिवंत झालेल्या मी पाहिल्यात.

आणि ज्यांच्याकडे पांढरा धूर येतो त्यांनी हीटर प्लग किंवा इनटेक हीटर, टॅपेटचं अंतर, कॉम्प्रेशन आणि पंपाचं टायमिंग या क्रमाने जावं. तो विषय मोठा आहे, तुमच्या गाडीला तो लागत नाही.

आता स्प्रे. त्यात इथर असतो. तो १६०-१८० अंशांनाच पेटतो, डिझेलच्या बराच आधी. पिस्टन अजून वर चढत असतानाच स्फोट होतो, आणि तो भार पिस्टनच्या डोक्यावर उलटा बसतो. रिंगा तुटतात, पिस्टनचे रिंगांमधले कठडे फुटतात, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. हीटर असलेल्या इंजिनात तर तो इनटेकमध्येच भडकतो. शिवाय डिझेल येत नसताना कितीही स्प्रे मारला तरी गाडी स्प्रेवरच धडधडणार, डिझेलवर चालणार नाही. तुमच्या गाडीने त्यावर दिलेलं उत्तर आपल्याला मिळालंय, आता पुन्हा मारायचा नाही.

ओढण्याचंही तेच. सेल्फ जोरात फिरत असताना ओढून काहीच मिळत नाही, डिझेल तरीही येणार नाही. आणि धोका मोठा आहे. इंजिन बंद असताना एअर ब्रेकच्या टाक्या भरत नाहीत, पॉवर स्टेअरिंग असेल तर ते दगडासारखं होतं, आणि एवढा मोठा ट्रक दोरीच्या टोकाला असतो. मी ते कोणालाही सुचवणार नाही.

सुरू करण्याआधी डिपस्टिक ओढून पाहा. ऑइलची पातळी वाढलेली असेल, डिझेलचा वास येत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल तर थांबा आणि मला कळवा. पहिल्या सेल्फला एक माणूस स्टॉप लिव्हरपाशी उभा ठेवा, आणि एअर फिल्टर काढलेला असेल तर इनटेकचं तोंड झाकता येईल अशी सपाट जाड फळी हाताशी असू द्या. इंजिन बेफाम धावू लागलं तर आधी लिव्हर, तेवढ्याने नाही थांबलं तर फळीने हवा बंद. हात किंवा फडकं तोंडाशी न्यायचं नाही, ते आत ओढलं जातं. चालू झालं की रेस करू नका. ऑइलचा दाब वर येऊ द्या, दहा मिनिटं संथ चालू द्या आणि सैल केलेल्या प्रत्येक नटावर ओल येते का ते टॉर्चने पाहा. वडिलांना केबिनमध्ये चढता येत नसेल तर गाडीशेजारी खुर्ची टाकून बसवा. इतकी वर्षं तो आवाज त्यांनी ऐकलाय, एखादा सिलिंडर चुकत असेल तर त्यांना आधी कळेल.

गाडी चालू झाली म्हणून काम संपलं असं मात्र त्या दिवशी धरू नका. नळ्या आणि वॉशर बदलून, टाकीवर जोडून, संध्याकाळी बंद करा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी पहिल्या सेल्फला किती सेकंद लागले ते मोजा. दोन-तीन सेकंदांत पकडलं तर हवा शिरायची जागा बंद झाली. पुन्हा वेळ घेतला तर फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवून बुडबुडे कुठून येतात ते पाहत टाकीकडे एकेक जोड मागे सरकत जा.